सही न करता मिळालेली माफी

२०२५च्या डिसेंबरची सुरुवात. इशाची नमाज आटोपून आम्ही चार-पाच जण बिटको चौकात चहा घेत उभे होतो. एकाने मोबाईल पुढे केला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी होंडुरासचे माजी अध्यक्ष हुआन ओरलांडो हर्नांडेझ यांना माफ केलं होतं. अमली पदार्थांच्या तस्करीत अमेरिकेच्याच कोर्टाने ४५ वर्षांची शिक्षा दिलेला माणूस, एका सहीने बाहेर. त्याच्या खालोखाल दुसरी बातमी नेतन्याहूंची. भ्रष्टाचाराचा खटला चालू असतानाच, गुन्हा कबूल न करता, त्यांनी इस्रायलच्या राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला होता. रोज गाझाच्या बातम्या बघणाऱ्या पोरांच्या तोंडून त्यावर काय निघालं ते इथे लिहीत नाही.

"बरंय बाबा, आपल्याकडे असलं चालत नाही," त्यातला एक जण कप टाकता टाकता म्हणाला.

मला तेव्हा काही सुचलं नाही. दोन आठवड्यांनी सुचलं, कारण दोन आठवड्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या एका मंत्र्याचं अपील फेटाळलं गेलं, आणि पुढचे सहा दिवस सगळं नाशिक टीव्हीसमोर बसलं होतं.

आमच्या रस्त्याचं नावच जेलरोड. नाशिकरोडच्या माणसाला तुरुंग वेगळा दाखवावा लागत नाही. रिक्षातून उतरून भाजी घ्यायची तर त्या भिंतीच्या बाजूनेच चालावं लागतं. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात. (त्याच गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?) थोडं पुढे नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस, जिथे कोर्टाची तिकिटंही छापली जातात. म्हणजे दाव्याला लावायचं तिकीट इथलंच आणि निकाल लागल्यावर माणूस येतो तोही इथेच. मधली वर्षं मात्र कुठे जातात ते कुणालाच सांगता येत नाही.

तर ते प्रकरण १९९५चं. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारातल्या दहा टक्के कोट्यातून सदनिका मिळायच्या. अट साधी होती: उत्पन्न कमी हवं आणि स्वतःचं घर नको. या कोट्यातून नाशिकच्या कॉलेज रोड भागात सदनिका मिळवताना खोटी माहिती आणि खोटी कागदपत्रं दिली, अशी तक्रार माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी केली होती. २० फेब्रुवारी २०२५ रोजी नाशिकच्या न्यायालयाने सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे आणि त्यांच्या भावाला दोन वर्षांची शिक्षा सुनावली. कोकाटे तेव्हा राज्याचे कृषिमंत्री होते. तक्रार करणारे दिघोळे निकाल ऐकायला उरले नव्हते. तीस वर्षं झाली होती.

मार्चमध्ये सत्र न्यायालयाने शिक्षेला आणि दोषसिद्धीला स्थगिती दिली. आमदारकी गेली तर पोटनिवडणूक घ्यावी लागेल आणि तिचा खर्च जनतेवर पडेल, हाही मुद्दा तेव्हा विचारात घेतला गेला. मंत्रिपद राहिलं. मध्ये विधिमंडळात मोबाईलवर पत्ते खेळण्याचं प्रकरण झालं, तेव्हा कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर विनोद करायचा मोह होतो, पण जाऊ द्या. १६ डिसेंबरला सत्र न्यायालयाने अपील फेटाळून शिक्षा कायम केली. मंत्रिपद गेलं. अटकेचं वॉरंट निघालं. साहेब मुंबईच्या रुग्णालयात दाखल झाले. १९ तारखेला उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. २२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी रद्द होऊ नये एवढ्यापुरती दोषसिद्धीलाही स्थगिती दिली. लाभाचं पद मात्र घेता येणार नाही, असंही सांगितलं.

खालच्या कोर्टात तीस वर्षं. वरच्या दोन कोर्टांत मिळून सहा दिवस.

अपील हा कोकाट्यांचा हक्क आहे, जसा तो तुमचा-माझाही आहे, आणि अंतिम निकाल काय लागायचा तो लागेल. त्यांनी कायद्याबाहेरचं काही केलं असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की बिटको चौकातल्या आमच्या मित्राचं बरोबर होतं. आपल्याकडे तसं चालत नाही. तिकडच्या अध्यक्षाला निदान सही करावी लागते. सहीखाली नाव असतं, तारीख असते, उद्या कुणीतरी बोट दाखवून विचारू शकतं की तुम्ही या माणसाला का सोडलंत. आपल्याकडे राष्ट्रपतींनी मंत्र्याला माफ केल्याची बातमी सहसा येत नाही, कारण तिथपर्यंत जायची गरजच पडत नाही. खटला तीस वर्षं चालतो, ही पहिली माफी. शिक्षा झाली की ती स्थगित होते, ही दुसरी. दोषसिद्धीच स्थगित होते, ही तिसरी. यातल्या एकाही कागदावर 'माफी' हा शब्द नसतो.

कुणी म्हणेल, ही एक केस झाली. मग जळगावचं घरकुल आठवा. तेही गरिबांच्या घरांचंच. (आपल्याकडच्या पुढाऱ्यांना गरिबांच्या घरांचं इतकं आकर्षण का असतं, यावर कुणीतरी प्रबंध लिहावा.) ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षं आणि शंभर कोटींचा दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षं. त्यांना आणलं ते आमच्याच जेलरोडच्या तुरुंगात. त्या दिवसांत या रस्त्यावर जेवढ्या पांढऱ्या गाड्या दिसल्या तेवढ्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे उच्च न्यायालयातून जामीन झाले आणि गाड्या दिसेनाशा झाल्या.

सगळ्यांनाच हे मिळतं असंही नाही. नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्यात सुनील केदार यांना डिसेंबर २०२३मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली ती गेलीच. गुन्हे वेगळे, शिक्षा वेगळ्या, त्यामुळे यावरून मी न्यायालयांबद्दल निष्कर्ष काढत नाही. पण दोषसिद्धीला स्थगिती कुणाला द्यायची याचा काटेकोर नियम कुठे लिहिलेला नाही, आणि जिथे नियम नसतो तिथे लोक रंग बघायला लागतात.

२०१३च्या जुलैत लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली की खासदारकी-आमदारकी त्याच क्षणी जाईल, अपिलाची वाट बघणार नाही. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि खूष झालो होतो. दार बंद झालं असं वाटलं होतं. दार बंद झालं हे खरं, पण शेजारची खिडकी मोठी करण्यात आली. आणि खिडकीही लहान वाटली तर सिक्कीमकडे बघा. प्रेमसिंग तमांग यांना भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झाली, ती त्यांनी तुरुंगात भोगलीही, आणि सुटल्यावर २०१९मध्ये ते मुख्यमंत्री झाले. निवडणूक लढवायला मात्र सहा वर्षांची बंदी होती. सप्टेंबर २०१९मध्ये निवडणूक आयोगाने लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम ११खाली ती सहा वर्षं कमी करून एक वर्ष एक महिन्यावर आणली. पोटनिवडणूक तोंडावर होती. राष्ट्रपती नाहीत, राज्यपाल नाहीत. आयोगाचा एक आदेश.

आता सहीच्या माफीकडे वळू, कारण तीही आपल्याकडे आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी वाचतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२खाली राष्ट्रपती आणि १६१खाली राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, बदलू शकतात. सही त्यांची असली तरी निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. हे १९८०च्या मारू राम खटल्यापासून स्पष्ट आहे. म्हणजे 'राज्यपालांनी माफ केलं' असं वाचलं की 'सरकारने माफ केलं' असं समजावं.

महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली माफी नौदलातल्या अधिकाऱ्याची. कमांडर कावस नानावटींनी एप्रिल १९५९मध्ये प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. मार्च १९६०मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली, म्हणजे कमांडरसाहेबांना साध्या कैद्यांच्या तुरुंगात न जाता नौदलाच्या ताब्यात राहता यावं. सर्वोच्च न्यायालयाला त्यावर सांगावं लागलं की प्रकरण आमच्यासमोर असताना राज्यपालांना असं करता येणार नाही. १९६१मध्ये जन्मठेप कायम झाली. १९६४मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. नानावटी पारशी, आहुजा सिंधी. सिंधी समाज चिडू नये म्हणून भाई प्रताप या सिंधी व्यापारी-स्वातंत्र्यसैनिकालाही त्याच वेळी माफ केलं गेलं, अशी हकीकत सांगितली जाते. आहुजाच्या बहिणीने हरकत नसल्याचं लिहून दिलं. दोन समाजांचा हिशेब असा जुळवला गेला. त्या हिशेबात आपण कुठे असतो, हा प्रश्न मला कॉलेजात ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून पडलाय.

दुसरी गोष्ट आंध्रातली, पण सही आपल्या सोलापूरच्या माणसाची. सुशीलकुमार शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल असताना २००५मध्ये गौरू वेंकट रेड्डी या काँग्रेस कार्यकर्त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. विरोधी तेलुगू देसमच्या माणसांच्या खुनाचं प्रकरण होतं, दहा वर्षांची शिक्षा होती, आणि पत्नी काँग्रेसच्या आमदार. मारल्या गेलेल्याच्या घरातली माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००६मध्ये न्या. अरिजित पसायत आणि न्या. एस. एच. कपाडिया यांनी माफी रद्द केली. सरकारी अहवालात तो काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता असल्याची नोंद होती, हे वाचून न्यायालयालाही राहवलं नाही. धर्म, जात किंवा पक्षनिष्ठा बघून शिक्षा माफ करता येत नाही, असं या निकालात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याआधी १९९८मध्ये उत्तर प्रदेशातल्या दूधनाथ नावाच्या आमदाराची, खुनात जन्मठेप झालेल्या माणसाची माफीही अशीच रद्द झाली होती. महत्त्वाच्या गोष्टी राज्यपालांसमोर ठेवल्याच गेल्या नव्हत्या.

हे निकाल पाठ करून ठेवा. वादविवाद स्पर्धेसाठी सांगत नाही. ते आपल्या कामाला येणार आहेत, आणि कसे ते बिल्किस बानोच्या बाबतीत दिसलं.

१५ ऑगस्ट २०२२. सकाळी मी आमच्या उर्दू शाळेतल्या झेंडावंदनाला गेलो होतो. दुपारी मोबाईलवर ते हारतुरे दिसले. अकरा जण, सामूहिक बलात्कार आणि खून सिद्ध झालेले, गोध्र्याच्या तुरुंगाबाहेर पेढे खाताना. शिफारस करणाऱ्या समितीत सत्ताधारी पक्षाचे आमदार होते, आणि त्यातल्या एकाने या माणसांच्या जातीचे आणि संस्कारांचे दाखले नंतर दिले. म्हणजे २००६च्या निकालात जे बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच. ८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, म्हणून शिक्षामाफीचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच. तो महाराष्ट्राचा होता. दोन आठवड्यांत अकराही जण परत आत गेले.

आपल्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी मिठाई वाटून विषय बंद केला. विषय बंद झालेला नाही. त्या अकरा जणांनी पुन्हा अर्ज केला तर तो मंत्रालयात येणार. तुम्ही-आम्ही ज्यांना मतं देतो किंवा देत नाही, त्या सरकारकडे. त्या अर्जावर काय होतंय, समितीत कोण बसलंय, बिल्किसला विचारलं की नाही, हे विचारण्याचा हक्क आता महाराष्ट्राच्या नागरिकाचा आहे. आपण किती जण विचारणार आहोत?

इथे एक हरकत हमखास येते, आणि ती आपल्याच मोठ्यांकडून येते. जुम्याच्या बयानात ऐकलेलं असतं की माफ करणं अफजल आहे, अल्लाह गफूर आणि रहीम आहे. मग माफीला विरोध कसा करायचा? मी आलिम नाही. पण मदरशात लहानपणी शिकलेली एक हदीस मला आठवते, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. बनू मखझूम या बड्या घराण्यातल्या एका बाईवर चोरी शाबीत झाली. घराण्याची इज्जत जाते म्हणून लोकांनी रदबदलीसाठी उसामा बिन झैद यांना पुढे केलं, कारण ते हुजूरांचे लाडके. हुजूर (सल्ल.) नाराज झाले. तुमच्या आधीचे लोक बुडाले ते यामुळेच, त्यांच्यातला बडा माणूस चोरी करायचा तेव्हा सोडून द्यायचे आणि दुबळा सापडला की शिक्षा द्यायचे, अशा अर्थाचं ते बोलले. आणि स्वतःच्या मुलीचं, फातिमाचं नाव घेऊन म्हणाले की तिच्यासाठीही नियम बदलणार नाही. शिक्षा कोणती होती हा इथे माझा मुद्दा नाही. आपला फौजदारी कायदा भारताचा आहे आणि तो तसाच असावा. माझा मुद्दा उसामांना पुढे करणाऱ्या लोकांचा आहे. ती माणसं आजही आहेत, फक्त आता ती वरिष्ठ वकील करतात.

आणि माफीचा हक्क कुणाचा? सूरह बकरातली १७८वी आयत खुनाच्या बाबतीत माफी देणं मारल्या गेलेल्याच्या वारसाच्या हातात ठेवते. ज्याचं गेलं त्याने सोडावं, ज्याचं काही गेलं नाही त्याने नव्हे. यातही खोट निघते, हे मला मान्य आहे. २०११मध्ये लाहोरात दोघांना गोळ्या घालणारा अमेरिकेचा हेर रेमंड डेव्हिस याच दियतच्या वाटेने सुटला; पैसे भरले गेले, वारसांनी माफ केलं, आणि त्यांना तसं करावंसं वाटलं की करावं लागलं यावर पाकिस्तानात आजही भांडणं होतात. म्हणून नुसतं वारसांवर सोडून चालणार नाही. पण आपल्या व्यवस्थेत तर त्यांना विचारायचीही सक्ती नाही. जळगावच्या ज्या कुटुंबांना घर मिळालं नाही, १९९५मध्ये नाशिकच्या ज्या भाडेकरूचा त्या कोट्यावर खरा हक्क होता, त्यांना तर कुणी मोजतही नाही. भ्रष्टाचारात मेलेला माणूस दिसत नाही, म्हणून त्याचा वारसही दिसत नाही.

आता थोडं स्वतःच्या घरात. बॅरिस्टर अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. सिमेंटच्या प्रकरणात जानेवारी १९८२मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल विरुद्ध गेला आणि त्यांना जावं लागलं. तो फौजदारी निकाल नव्हता, शिक्षा झालेली नव्हती, पुढच्या फौजदारी खटल्यातही ते दोषी ठरले नाहीत. आजच्या मापाने तो राजीनामा म्हणजे साधुत्वच. तरीही आमच्या अब्बूंच्या पिढीने चाळीस वर्षं एकच वाक्य म्हटलं, "आपला होता म्हणून घालवला." त्यात थोडं तथ्य असेलही. पण या वाक्याने आपलं नुकसान केलंय. 'आपला' या शब्दाने प्रश्न संपतो. आपल्या मोहल्ल्यातला नगरसेवक जमिनीच्या भानगडीत सापडला की आपणही शिष्टमंडळ घेऊन जातो, 'काही करा साहेब' म्हणतो. मी स्वतः एकदा गेलोय. वक्फच्या जागांवर घरं बांधून बसलेल्यांत आपली किती नावं आहेत हे मी इथे लिहिलं तर या मासिकाचे निम्मे वाचक फोन करतील. करा फोन. कोकाट्यांना एक माप आणि आपल्या माणसाला दुसरं, असं असेल तर हा लेख इथेच बंद करून ठेवा.

आणि 'दयेचा अर्ज' म्हटलं की आपल्या पोरांना एकच आठवतं, ३० जुलै २०१५, नागपूर. पहाटे उघडलेलं सर्वोच्च न्यायालय. मी ती केस इथे पुन्हा चालवणार नाही. न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. पण त्या एका रात्रीमुळे माफी म्हणजे फाशीच्या आदल्या दिवशीचा शेवटचा कागद, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. शिक्षामाफीचा रोजचा, कंटाळवाणा, फायलींचा व्यवहार आपण बघतच नाही. आणि खरा अन्याय तिथे असतो.

निर्दोषांना तर माफीचा उपयोगच नाही. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. सप्टेंबर २००६च्या स्फोटांनंतर ज्या नऊ मुस्लिमांना धरलं ते पाच वर्षांनी जामिनावर सुटले आणि २०१६मध्ये आरोपमुक्त झाले, तोपर्यंत त्यातला एक जण वारला होता. मुंबईच्या लोकल स्फोटांत शिक्षा झालेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं, एकोणीस वर्षांनी. त्यातला एक तुरुंगातच गेला होता. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये, असं तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पण माणसांना परत आत टाकलं नाही. यांच्यासाठी सहा दिवसांत दोन कोर्टं झाली नाहीत.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोराचं सांगतो. नाव सांगत नाही, कारण आता तो कामाला लागलाय. मोबाईल चोरीचा आरोप, पहिलाच गुन्हा. दोन महिन्यांत जामीन मंजूर झाला. वीस हजारांचा हमीदार हवा होता. अम्मी धुण्याभांड्याची कामं करते, भाड्याचं घर, कुणाकडे सातबारा नाही, कुणाकडे घरपट्टीची पावती नाही. ज्यांच्याकडे होती त्यांनी 'पोलिसांची भानगड नको' म्हणून दार लावून घेतलं. जामीन हातात असताना तो पोरगा आणखी नऊ महिने आत राहिला. मला कळलं तेव्हा ते नऊ महिने होऊन गेले होते, आणि माझ्या नावावर घर आहे. रोज मी त्याच भिंतीच्या बाजूने जात होतो.

ही माझी चूक, म्हणून कायदा सांगतो. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३चा आदेश आहे. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९खाली, पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून. चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, त्याचं उत्पन्न न बघता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आणि शिक्षामाफीबद्दल: जिथे राज्याचं धोरण आहे तिथे पात्र कैद्याने अर्ज करायची वाट न बघता सरकारने स्वतःहून त्याचा विचार केला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सांगितलं. कोकाट्यांना शिक्षा झाली त्याच्या दोनच दिवस आधी. त्या निकालाची बातमी तुम्ही कुठे पाहिली होती?

देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन कच्ची कैदी आहेत. आपल्या समाजाचा त्यातला वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे. त्यांची माफी कुठल्या राष्ट्रपतीकडे अडलेली नाही. ती अडलीय घरपट्टीच्या पावतीपाशी.

म्हणून दोन कामं मांडतो. पहिलं कागदाचं: गेल्या दहा वर्षांत अनुच्छेद १६१खाली आणि शिक्षामाफीच्या धोरणाखाली राज्याने किती जणांची शिक्षा कमी केली, किती अर्ज पडून आहेत, किती प्रकरणांत पीडितांचं म्हणणं घेतलं, हे माहितीच्या अधिकारात गृह विभागाला विचारायचं. मसुदा मराठीत तयार आहे, दहा रुपयांचं तिकीट लागतं. एकट्या नाशिकने विचारून चालणार नाही. मालेगाव, धुळे, औरंगाबाद, सोलापूर, भिवंडी, मिरज, प्रत्येक गावातून एकाने तरी पाठवावा, म्हणजे उत्तरं ताडून बघता येतील. माफीला माझा विरोध नाही. बिनकारणाच्या माफीला आहे. कारण लेखी द्या, ते जाहीर करा, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला आधी विचारा. मंत्री असो की मोबाईलचोर.

दुसरं काम हमीदारांचं. जेलरोड, देवळालीगाव आणि सिन्नर फाटा मिळून सध्या आमची सात जणांची यादी झालीय. ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे, आणि जो कोर्टात उभा राहायला लाजत नाही, असा माणूस हवा. मुस्लिमच हवा असं नाही. सातातले दोघे नाहीत. या महिन्यात जामीन होऊन अडकलेली चार नावं आमच्यापर्यंत आलीत, त्यातल्या दोघांची सोय झालीय. उरलेल्या दोघांसाठी येत्या जुम्याला, नमाजनंतर, घरपट्टीची चालू पावती आणि आधार घेऊन बिटको चौकात या. चहा मी पाजतो.